सुनंदाचे बारा दिवस

पावणेसहाला नवनाथला जाग आली. गजर तो कधीच लावत नसे. दहिवलीतल्या त्या इमारतीचा पाण्याचा पंप याच वेळी सुरू होई आणि त्याची थरथर भिंतीतून पलंगापर्यंत येई. त्याने दाराच्या कडीला अडकवलेली दुधाची पिशवी आत घेतली, गॅलरीचं दार उघडून बाहेरच्या थंडीचा अंदाज घेतला, आणि रात्रभर चार्जरवर असलेल्या रोव्हरच्या दोन बॅटऱ्या काढून कापडी पिशवीत ठेवल्या. जमीन मोजायचं हे काठीवरचं यंत्र आल्यापासून साखळी ओढण्याचे दिवस संपले होते, पण बॅटरी विसरली की सगळा दिवस फुकट, म्हणून भूकरमापकाच्या नोकरीतल्या बावीस वर्षांनंतर त्याच्या सकाळीत ही एक नवी सवय शिरली होती. स्वयंपाकघरात सुनंदा भाकरीसाठी उकड काढत होती. आधणात तांदळाचं पीठ पडलं, झाकण बसलं, गॅस बारीक झाला. बारावीची परीक्षा दीड महिन्यावर आलेली प्राची ओले केस पाठीवर सोडून टेबलाशी बसली होती, आणि जीवशास्त्राच्या पुस्तकाआड मोबाइल धरून पट्टायाची हॉटेलं बघत होती. परीक्षा संपली की तिघांनी कुठे तरी परदेशी जायचं, हे दोन वर्षांपूर्वीच कबूल झालेलं होतं. शहर प्राचीने निवडलं. नवनाथला ते नाव ऐकून आधी अवघडल्यासारखं झालं होतं, कारण तालुक्यात ते नाव पुरुष एकमेकांना डोळा मारून घेत. पण आता सगळी कुटुंबं जातात, समुद्र आहे, बेटं आहेत, रात्री उशिरापर्यंत रस्ते जागे असतात, असं प्राचीने पटवून दिलं होतं. सुनंदा त्या चर्चेत एवढंच म्हणाली होती, “चालेल की.”

“पप्पा, हे बघा. मोठ्या रस्त्याला लागून. पोहायचा तलावपण आहे.”

नवनाथ चष्मा शोधत होता. तेवढ्यात ओट्याकडून, पाठ न वळवता, सुनंदा म्हणाली, “ते नको गं. त्याच्या शेजारच्या गल्लीत सकाळी मासळीचे टेंपो लागतात, नाक धरून जावं लागतं. तिथून दोन गल्ल्या पुढं घे. आम्ही होतो ना, हत्तीची पाटी आहे बघ एका हॉटेलावर, तिथल्या चौथ्या मजल्याच्या खिडकीतून समुद्र दिसतो. पहाटे होड्यांचे हिरवे दिवे असतात लांबवर. एकेक करून विझत जातात.”

मग तिने झाकण काढलं, वाफ तिच्या तोंडावर आली, आणि परातीत उकड ओतून ती चटके सोसत मळू लागली. प्राची म्हणाली, “आई, तू तर गाइडच आहेस!” आणि हसली. नवनाथला चष्मा सापडला होता. पण तो हातात धरून तसाच उभा राहिला. चौदा वर्षं झाली होती. चौदा वर्षांत त्याने हे हिरवे दिवे कधी ऐकले नव्हते.

ती गेली होती हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. त्यानेच तिला विमानतळावर सोडलं होतं. खालापूरच्या बाजूला मोटारींचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात ती तेव्हा तपासणी विभागात होती. कंपनीने आठ जणांना पट्टायाजवळच्या आपल्या कारखान्यात प्रशिक्षणासाठी पाठवलं, त्यांत दोन बायका, सुनंदा आणि शेलूची वनिता. बारा दिवस. प्राची तीन वर्षांची. त्या बारा दिवसांबद्दल त्याच्यापाशी जे होतं ते एका मुठीत मावण्याइतकं होतं: जेवण आंबट असतं; उकाडा आपल्यासारखाच; काम कडक, मिनिटभर उशीर चालत नाही; येताना प्राचीला बोलणारा पोपट आणि त्याला एक पाकीट. शिवाय आठ जणांचा एक फोटो. रोज साडेआठला फोन येई आणि ती म्हणे, “इकडे सगळं बरं आहे, प्राची जेवली का?” एवढ्यावर त्याने चौदा वर्षं भागवलं होतं, आणि आपल्याला सगळं माहीत आहे असं धरून चालला होता. आता कळत होतं की त्या बारा दिवसांत गल्ल्या होत्या, वास होते, चौथा मजला होता. भाकरी थापताना पाठमोरं राहून सहज सांगता येतील इतके ते तिच्या हाताशी होते. जणू घरातच एक खोली होती, तिच्यात ती रोज जाऊन येत होती, आणि तिचं दार त्याने कधी पाहिलंच नव्हतं.

त्या दिवशी मोजणी कळंबजवळ होती. दोन चुलतभावांच्या बांधाचा तंटा; त्यांतल्या एकाला आपला तुकडा रिसॉर्टवाल्याला द्यायचा होता. थंडी उतरून ऊन चढू लागलं. भाताच्या कापलेल्या खुंटांतून नवनाथ काठी घेऊन चालत होता, आणि लडकू, वीस वर्षांपासून त्याच्या सोबत असलेला शिपाई, पुढे जाऊन खुणेवर चुना टाकत होता. दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या हद्दीकडे बोटं दाखवत होते. नेहमी नवनाथ प्रत्येकाचं शेवटपर्यंत ऐकून घेई, कारण माणूस हद्दीविषयी बोलताना कुठे अडखळतो यावरून पुष्कळ कळतं असा त्याचा अनुभव होता. आज मात्र त्याला त्यांचे ओठ हलताना दिसत होते इतकंच.

“साहेब, चुना संपला. कुठं हायसा?” लडकू जवळ येऊन म्हणाला. “सहलीच्या इचारात? सगळा हापिस बोलतोय, साहेब पट्टायाला निघालं म्हून.”

“बायको-मुलीला घेऊन जातोय, लडकू.”

“तेच तं! डबा घिऊन हाटेलात जानारा पयला मानूस तुमीच.” लडकू स्वतःच्याच विनोदावर खोकेपर्यंत हसला. “पन वयनी जाऊन आल्यात ना आदी? मंग बरंय. त्याच दावतील तुमाला समदं. कुठं काय, कुठं काय.”

लडकूच्या मनात काही नव्हतं. पण नवनाथने काठी जरा जोरातच जमिनीत रोवली. दुपारी आंब्याखाली डबा सोडल्यावर त्याने भाकरीला हात लावायच्या आधी मोबाइल काढला. उपग्रहाने वरून घेतलेलं शहराचं चित्र त्याने हळूहळू मोठं केलं. हे काम त्याच्या हाताचं होतं. किनाऱ्याची चंद्रकोर, तिला समांतर मोठा रस्ता, रस्त्यापासून आत जाणाऱ्या गल्ल्या. मासळीची गल्ली, तिथून दोन पुढे. हत्तीची पाटी एका प्रवाशाने टाकलेल्या फोटोत सापडली. त्याला क्षणभर, अनोळखी गावात हद्दीचा जुना दगड सापडावा तसा, धंद्यातला आनंद झाला. मग त्याने हॉटेलापासून पाण्यापर्यंत रेघ ओढली आणि तो आनंद थिजला. हॉटेल आणि समुद्र यांच्यामध्ये एक प्रचंड इमारत उभी होती. तिची सावली बाजूच्या दोन्ही छपरांवर पडली होती. सावलीच्या लांबीवरून त्याने अंदाज बांधला, तीस मजले तरी. चौथ्या मजल्याच्या कुठल्याही खिडकीतून तिथे भिंतीशिवाय काही दिसणं शक्य नव्हतं.

म्हणजे सुनंदा ज्या खिडकीतून पहाटेचे दिवे बघत होती, ती खिडकी त्या हॉटेलाची नव्हती.

ही गोष्ट त्याने आधी शांतपणे, मोजणीतली तफावत म्हणून पाहिली. मग ती अंगात भिनू लागली. फोटोतले आठ जण त्याच्या डोळ्यांपुढे आले आणि आजवर ज्याच्याकडे त्याने कधी नीट पाहिलंही नव्हतं तो सुनील पुढे सरकला. सुनील खोपोलीचा, त्यांचा लाइन सुपरवायझर. फोटोत तो सुनंदाच्या खुर्चीमागे उभा होता आणि त्याचा हात खुर्चीच्या पाठीवर होता. पाठीवर, खांद्यावर नव्हे. पण पाठ आणि खांदा यांत अंतर किती? सुनंदा त्या फोटोत हसत होती. लग्नाच्या अल्बममध्ये ती इतकी हसलेली नाही, हे त्याला आताच कसं सुचावं? तिला आणायला तो विमानतळावर गेला तेव्हा ती काळवंडली होती, आणि घरी आल्यावर तिच्या सपातीच्या पट्ट्यांतून बारीक पांढरी वाळू मोरीत सांडली होती. ती वाळू त्याने स्वतः पाणी टाकून घालवली होती. प्रशिक्षणाला गेलेल्या बाईच्या सपातीत इतकी वाळू कुठून येते, असा प्रश्न त्या वेळी त्याच्या मनाला शिवला नव्हता, आणि आज तो चौदा वर्षांच्या व्याजासकट उभा होता. त्या बारा दिवसांत तो काय करत होता? तो प्राचीला खांद्यावर घेऊन जोजवत होता. पहिले दोन दिवस मुलगी आईसाठी रडली. तिसऱ्या दिवसापासून तिने विचारणं सोडलं. आपण मात्र सोडलं नव्हतं. आपण साडेआठची वाट पाहत होतो.

संध्याकाळी त्याने नेरळच्या कमलेशला फोन केला. कमलेशचं प्रवासाचं कार्यालय होतं, आणि नवनाथने त्याच्या वडिलांची जमीन मोजलेली असल्याने तो आपुलकीने वागे. “पट्टाया नको,” नवनाथ म्हणाला. “फुकेतला बघ. ते तर बेटच आहे ना?” कुणीच आधी न पाहिलेलं शहर. तिथे तिघेही सारखेच अनोळखी असतील, सारखेच चुकतील, सारखेच रस्ता विचारतील. हे त्याने बोलून दाखवलं नाही. घरी त्याने सांगितलं की पट्टायाला त्या तारखांना खोल्या नाहीत. प्राचीने आदळआपट केली. “असं कसं होईल? मी सकाळी बघितलंय, पप्पा!” सुनंदा मेथी निवडत होती. तिची बोटं एका जुडीवर थांबली. मग ती म्हणाली, “बरं. फुकेत तर फुकेत. समुद्र काय, सगळीकडे एकच.”

हे ‘बरं’ नवनाथच्या ओळखीचं होतं. परत आल्यानंतरच्या वर्षी त्याच्या आईचं अंग लुळं पडलं, तेव्हा घरात कुणी तरी राहायला हवं असं तो म्हणाला होता, आणि सुनंदाने अशीच मान खाली ठेवून ‘बरं’ म्हणून राजीनामा लिहिला होता. कंपनी तेव्हा तिला विभागाची प्रमुख करणार होती. आई सहा वर्षांनी गेली. नोकरी परत आली नाही. त्या शब्दामागे काय होतं ते त्याने तेव्हा विचारलं नाही, कारण त्यात त्याची सोय होती. आता मात्र त्याच शब्दामागे त्याला एक खिडकी दिसू लागली होती आणि तिच्या आत कुणी तरी पाठमोरं उभं होतं. पुढचे आठ दिवस तो बायकोकडे चोरून बघत राहिला. ती दोरीवरचे कपडे काढताना, चहा गाळताना, दूरदर्शनसमोर पेंगताना. चव्वेचाळीस वर्षांची, कानशिलांवर पांढरे केस आलेली ही बाई त्याची होती. पण तीस वर्षांची ती दुसरी, काळवंडलेली, सपातीत वाळू घेऊन फिरणारी, ती कुणाची होती? तिच्यापर्यंत त्याचा हात पोचत नव्हता, आणि तिला ज्यांनी ज्यांनी पाहिलं त्या सगळ्यांचा त्याला मत्सर वाटत होता. सुनीलचा तर होताच. पण मासळीच्या टेंपोवाल्यांचाही.

शेलूला मोजणी निघाली तेव्हा त्याने ते निमित्त साधलं. काम अकराला आटोपलं. लडकूला चहाच्या टपरीवर बसवून तो एका नव्या वसाहतीत वनिताच्या दारात गेला. वनिता आता मसाले करून विकत असे. घरभर भाजलेल्या धण्याचा वास होता. ती तशीच होती, मोठ्याने बोलणारी, शब्दागणिक हात हलवणारी.

“अगंबाई, भाऊजी! वाट चुकलात का? सुनंदा कुठाय? एकटेच? बसा, बसा, त्या पोत्यावर नको, मिरची हाय त्याच्यात.”

पाणी, चहा, मुलांची विचारपूस झाली. सहलीचं त्याने सहज काढावं तसं काढलं. म्हणाला, “सुनंदा सांगत होती, तुमच्या त्या हॉटेलातून समुद्र दिसायचा. मी नकाशात बघितलं. तिथून तर काही दिसत नाही. समोर केवढी इमारत आहे.”

“आता असंल,” वनिता म्हणाली. “आमच्या वेळंला कुठली इमारत? समोर नारळाची झाडं अन् एक गॅरेज. गॅरेजच्या पत्र्यावरनं थेट पाणी दिसायचं. चौथ्या मजल्यावर आमची दोघींची खोली. मला काय कौतुक नव्हतं, मी आपली घोरत पडायची.”

आजचं चित्र दाखवून जुना ताबा ठरत नाही, हे बावीस वर्षांत त्याने किती शेतकऱ्यांना ऐकवलं असेल. मोबाइल पुढे करणाऱ्या माणसाला तो म्हणे, हा फोटो या वर्षाचा, तंटा तुझ्या बापाच्या वेळचा; तेव्हा इथे काय होतं ते सांग. आणि तोच, डबा उघडा ठेवून, आजच्या सावलीने चौदा वर्षांपूर्वीची खिडकी मोजून मोकळा झाला होता. शरमेने त्याचे कान तापले. तरीही जीभ थांबली नाही.

“आणि तो सुनील होता ना तुमच्याबरोबर?”

“सुनील!” वनिता टाळी वाजवून हसली. “बिचारा बारा दिवस पोट धरून बसलेला. तिकडचं काय पचलंच नाय त्याला. आमी दोघी दही शोधत फिरायचो त्याच्यासाठी. बायकोला फोन करून रडायचा हो!”

नवनाथ हसला. हसताना छातीवरचा एक दगड उतरतो आहे असं त्याला खरोखर वाटलं. आणि त्या सैलपणातच त्याने विचारलं, “मग सुनंदा काय करायची? तिला तरी करमायचं का?”

“तिला?” वनिताने चाळण खाली ठेवली. “ती पाचला उठून खाली जायची. रोज. एकटीच. वाळूत बसायची उजाडेपर्यंत, पाय पाण्यात सोडून. मी एकदा चिडवलं, काय गं, नवऱ्याची आठवण येते का एवढी? तर म्हणते कशी, नाय गं, इथं आलं की कुणाचीच आठवण येत नाय. म्हणून तर येते.” बोलता बोलता तिच्या लक्षात आलं असावं. तिने पदराने कपाळ पुसलं. “तसं नाय हो, भाऊजी. मनावर घेऊ नका. लहान वय, घरात सासू, लहान पोर, कारखान्याच्या पाळ्या. तेवढाच जिवाला थारा.”

“छे, छे. त्यात काय.” नवनाथ उठला. वनिताने जबरदस्तीने मसाल्याची पुडी त्याच्या हातात कोंबली.

नेरळकडे जाताना मोटारसायकलवर मागे बसलेला लडकू काही तरी सांगत होता, वाऱ्याने ते तुटून तुटून येत होतं. माथेरानचा डोंगर डाव्या-उजव्या वळणांनी कधी समोर येई, कधी बाजूला सरे. नवनाथला वाटलं होतं की सुनीलचं काही निघालं नाही म्हणजे संपलं. पण दगड उतरला आणि त्याखालची जागा अधिकच दुखू लागली. सुनील असता तर बरं झालं असतं. माणसाशी भांडता येतं, त्याला लहान करता येतं, बायकोला जाब विचारता येतो, तिने रडावं आणि आपण क्षमा करावी असंही काही करता येतं. इथे दुसऱ्या बाजूला कुणीच नव्हतं. तीस वर्षांची एक बाई पाण्यात पाय सोडून बसली होती, तिला तो आठवत नव्हता, तिला प्राचीही आठवत नव्हती, आणि ती सुखात होती. तिच्या त्या सुखाला त्याची गरज नव्हती, इतकंच नव्हे, त्याच्या नसण्यानेच ते तयार झालं होतं. आणि ती रात्री साडेआठला म्हणत होती, इकडे सगळं बरं आहे. ते खरंच होतं. खोटं काहीच नव्हतं, हेच त्याला सोसवेना. आपण स्वतः असं कधी, कुठे बसलो होतो का? त्याने आठवून पाहिलं. शाळेत, नोकरीत, शेताच्या बांधावर, प्रत्येक ठिकाणी त्याच्याभोवती कुणी तरी बोट दाखवत उभं होतं. त्याला एकाएकी कळलं की आपला मत्सर आता तिच्याजवळ कोण होतं याचा उरलेला नाही. तिला जे मिळालं होतं ते आपल्याला कधीच मिळालं नाही, याचा तो होता. आणि त्याहून वाईट म्हणजे, ते तिला आयुष्यात फक्त बारा वेळा मिळालं होतं.

घरी सुनंदा एकटीच होती. प्राची क्लासला गेलेली. त्याने मसाल्याची पुडी ओट्यावर ठेवली. तिने वास घेऊन लगेच ओळखलं.

“वनिताकडे गेला होतात?”

“शेलूला काम होतं. म्हटलं डोकावावं.”

“काय म्हणाली?”

“मजेत आहे. सुनीलच्या पोटाचं सांगत होती.”

सुनंदा हसली. दहीवाल्या दुकानदाराला खुणांनी दही कसं समजावलं, ते ती सांगू लागली. हाताने गाय काढून दाखवली, मग घुसळण. सांगता सांगता ती थांबली आणि त्याच्याकडे पाहून म्हणाली, “हे तुम्हाला कधी सांगितलं नाही का मी?”

“नाही.”

“तुम्ही कधी विचारलं नाही.” तिच्या आवाजात तक्रार नव्हती. ती मिठाची बरणी जागेवर ठेवत होती.

पहाटेचं त्याने विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, कदाचित सगळंच. आणि मग तेही त्याच्या मुठीत आलं असतं, पोपट आणि पाकिटाच्या शेजारी. ते तसं येऊ नये असं त्याला वाटलं, आणि आपल्याला असं वाटतंय याचा त्याला रागही आला.

दुसऱ्या दिवशी खालापूरच्या बाजूला एका माळावर मोजणी होती. यंत्राला आकाशातले उपग्रह सापडायला नेहमीपेक्षा वेळ लागत होता. लडकू झाडाखाली तंबाखू मळत बसला. नवनाथ जरा दूर गेला आणि त्याने फोन लावला.

“कमलेश, फुकेत राहू दे. पट्टायाच कर.”

“साहेब, तुमी पन ना! बायका साड्या बदलत नायत एवढं.” कमलेश हसला, मग कागद चाळल्याचा आवाज आला. “होईल. अजून कायम केलं नव्हतं मी. हाटेल कुठलं घेऊ?”

“किनाऱ्याला अगदी लागून असेल असं. मध्ये काही नको. खाली उतरलं की वाळू.”

“बरं. पहिला दिवस आराम, दुसरा बाजार, मत्स्यालय. तिसऱ्या दिवशी बेट. सकाळी सातला बोट, दुपारचं जेवण तिकडंच. तिघांची नावं घालतो.”

“दोघांची घाल. माझं आणि मुलीचं.”

“आनि वयनी?”

“त्या येणार नाहीत.”

“का? पान्याचं भ्या हाय का त्यांना? बोट मोठी असते, साहेब, काय हलत नाय.”

“भीती नाही,” नवनाथ म्हणाला. “त्यांना तिथे थांबायचंय.” त्याने हे तिला विचारलं नव्हतं. प्राची कटकट करील, तिला काही तरी सांगावं लागेल. सुनंदा काय म्हणेल ते त्याला ठाऊक नव्हतं. कदाचित ती नुसतीच ‘बरं’ म्हणेल, आणि या वेळी त्याचा अर्थ त्याला लागणार नाही.

“तुमची मर्जी. परत यायला बोटी तीन हायत. दोनची, चारची, साडेपाचची. दोनची बरी पडंल तुमाला. ऊन फार असतं, आनि वयनी पन एकट्या.”

दोनला निघालं तर तीनपर्यंत तिच्याजवळ पोचता येईल. ती तोवर वाळूत असेल किंवा खोलीत, आणि तिला गाठता येईल. तिच्या चेहऱ्यावर जे असेल ते पुसलं जायच्या आत बघता येईल. हा हिशेब त्याच्या मनाने इतक्या चपळाईने केला की त्याला आपलीच लाज वाटली. माळावरून वारा आला आणि वाळलेलं गवत एका बाजूला पडून पुन्हा उभं राहिलं.

“साहेब? हायत का लाइनीवर?”

“साडेपाचची घाल,” नवनाथ म्हणाला.

“शेवटची?”

“हो. शेवटची.”

कमलेशने लिहून घेतलं, आणि नावांची अक्षरं एकदा म्हणून दाखवली. ती बरोबर होती. नवनाथने फोन खिशात ठेवला आणि लडकूला हाक मारली.